ब्रेक ऑइलच्या गळतीवर लांबी हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

यवतेश्वर, पसरणी, केळघर, खंबाटकी हे घाट सातारा जिल्ह्यातील वाहनचालकांच्या नेहमीच्या वाटेवरचे आहेत, आणि म्हणूनच जुन्या मोटारींतील एका दोषाकडे होणारे दुर्लक्ष मला अत्यंत काळजीचे वाटते. तो दोष म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीला लागलेली गळती. अशा टाकीला लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) फासून, वरून ऑइल ओतून गाडी मालकाच्या ताब्यात देण्याचे प्रकार काही गॅरेजांत आजही घडतात. हे थांबले पाहिजे.

बहुतेक जुन्या गाड्यांत ही टाकी मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबताच ऑइल ब्रेककडे ढकलणाऱ्या नळकांड्यावर) रबरी बुचांत दाबून बसवलेली असते. इंजिनाच्या उष्णतेने ही बुचे वर्षानुवर्षे तापून कडक होतात आणि ऑइल त्यांच्या कडेने झिरपू लागते. शेजाऱ्यांच्या गाडीतून काढलेले असे एक बूच मी हातात घेऊन पाहिले, तेव्हा त्यात नख रुतत नव्हते आणि वाकवताच त्याचा तुकडा पडला. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे खालच्या बूस्टरवरील (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यावरील) रंगाचेही पापुद्रे सुटले होते. तेलकट प्लास्टिकला लांबी नीट धरत नाही. टाकीत दाब नसतो म्हणून ती काही दिवस टिकल्यासारखी वाटते, इतकेच. पातळी घसरत जाऊन सिलिंडरमध्ये हवा शिरली, की ऐन उतारावर पेडल खाली बसते.

खरी दुरुस्ती फार अवघड नाही. सगळा भाग पुसून कोरडा करावा आणि ऑइल झाकणाशी, टाकीच्या तड्यातून, बुचांशी की सिलिंडरच्या मागच्या बाजूने येते, हे आधी पाहावे. मागून येत असेल, तर सिलिंडरचेच काम निघते. तडा असेल, तर टाकी बदलावी. बुचेच गेली असतील, तर ऑइल सिरिंजने काढून टाकी उचलावी, नव्या बुचांना ताजे ब्रेक ऑइल लावून ती पुन्हा दाबून बसवावी आणि ब्रेकमधील हवा काढावी. (ब्रेकचे पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे.) झाकणावर लिहिलेले असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे, ऑइल सीलबंद डब्यातून भरावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि डॉट ३ साठी ठरलेला किमान उत्कलनबिंदू नव्या ऑइलला २०५ अंश सेल्सिअस असला, तरी ओलावा मुरलेल्या ऑइलला तो १४० अंशच आहे, म्हणजे ते लवकर उकळू शकते. इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नये, कारण त्याने ब्रेकमधील रबरे फुगतात.

खासगी मोटार १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी येते, तेव्हा निरीक्षकांनी बॉनेट उघडून टाकीखालचा भाग हाताने चाचपून पाहावा. सुट्या भागांच्या विक्रेत्यांनीही अख्खा सिलिंडर ग्राहकाच्या गळ्यात न मारता ही बुचे सुटी उपलब्ध ठेवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, सातारा