आधी कृपा, मग आज्ञा

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आधी मी स्वतःला सावरते, मग प्रार्थनेला बसेन." तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही. तुझा क्रम उलटा आहे गं. बायबलमधलं निर्गमचं पुस्तक पुन्हा उघड आणि कशाच्या आधी काय घडलं, तेवढंच बघ.

इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, ४३० वर्षं राहिले. देवाने पाठवलेल्या मोशेने सुटकेचा निरोप आणला, तेव्हा गुलामगिरीत विटा करून करून ते इतके खचले होते की त्यांनी त्याचं ऐकलंसुद्धा नाही. तरी देव थांबला नाही. वल्हांडणाची रात्र, म्हणजे मिसरातून सुटण्याची रात्र आली, तांबडा समुद्र दुभंगला. पुढे तीन दिवसांत मारा इथलं पाणी कडू लागलं आणि कुरकुर सुरू! महिना-दीड महिन्यात त्यांना मिसरातल्या मांसाच्या हंड्या आठवू लागल्या. गुलामगिरीतल्या हंड्या! मला तर त्यांचा रागच येतो. देवाने मात्र ती कुरकुर ऐकून भाकर पाठवली. सीनाय डोंगर आणि दहा आज्ञा त्यानंतर. आणि आज्ञा देतानाही देव आधी आठवण करून देतो की, मीच तुला दास्यातून बाहेर आणलं.

ती भाकर म्हणजे मान्ना. तो कसा होता ते नीट वाच. दव विरलं की जमिनीवर हिमकणांसारखे बारीक खवले दिसायचे. दाणा धण्यासारखा, रंग पांढरा, चव मध घातलेल्या पोळीसारखी. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. जास्त गोळा करणाऱ्याचं उरलं नाही, कमी करणाऱ्याला कमी पडलं नाही. सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडत, घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा, आणि तो मात्र टिकायचा.

तिथे विश्वास म्हणजे काय, तर रात्री रिकामं भांडं ठेवून झोपायचं. लेकरं कुशीत घेऊन निजणाऱ्या त्या आयांना हे किती जड गेलं असेल!

पुढे त्यांनी सोन्याचं वासरू केलं. त्याची शिक्षाही झाली, सुमारे ३,००० माणसं मेली. पाप देवाला चालतं, असं मी तुला कधीच सांगणार नाही. पण मान्ना थांबला नाही. चाळीस वर्षं पडत राहिला. देवाने कबूल केलेल्या कनान देशाचं धान्य तोंडात पडलं, तेव्हाच बंद झाला. मोशेने तर त्यांना स्पष्ट सांगितलं की, हा देश तुमच्या धार्मिकतेमुळे मिळत नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात.

म्हणून बाळा, आहेस तशी ये. शब्द सुचले नाहीत तर कुरकुर कर, तीही तो ऐकतो. शनिवारी रात्री फोन कर. निर्गमचा सोळावा अध्याय आपण दोघी मिळून वाचू, आणि वेळ उरला तर सतराव्यातलं खडकाचं पाणीही.

तुझी,
आई