सिस्टर, तुम्ही त्या माणसाला परत पाठवलंत

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, दवाखान्याचंही नाही. तुम्हाला ओळखणाऱ्यांना कळावं आणि माझ्या भाचीला ओळखणाऱ्यांना कळू नये, अशा बेतानं लिहिते आहे. कोल्हापुरात पेठेतली गोष्ट तालमीच्या कट्ट्यावर पोचायला संध्याकाळसुद्धा लागत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आभार मानायचेत ते मुख्यतः त्या माणसाला दारातून परत पाठवल्याबद्दल.

पोरीचं आम्हाला कळलं तेव्हा सातवा सरला होता. गर्भपाताची कायद्यातली मुदत उलटून गेलेली, लग्नाचं वचन देणाऱ्याचा फोन बंद. घरात एकच घोष चाललेला, आता करायचं काय. अशा घराचा वास काही लोकांना बरोबर लागतो. ओळखीतून एक जण दवाखान्यातच आला. इचलकरंजीकडचं जोडपं आहे, मूलबाळ नाही, बाळंतपण त्या बाईच्याच नावावर दाखवू, जन्मदाखला थेट तसाच निघेल, वर तुमचा सगळा खर्च ते देतील. आमच्या आईला तर देवच भेटल्यासारखं झालं. म्हणाली, "पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून. बाळबी चांगल्या घरात पडंल. आणि काय पाहिजे?"

तुम्ही ड्यूटीवर होतात. ऐकलंत आणि त्याच्यासमोरच म्हणालात, "आजी, खर्च म्हणून पैसे घेतले तरी ती विक्रीच होते." मग त्याच्याकडे वळून बाल न्याय कायद्याचं कलम ८१ सांगितलंत. मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड, आणि दवाखान्यातलंच कुणी त्यात असेल तर शिक्षा ३ वर्षांच्या खाली नाही, ७ पर्यंत. गडी चहा प्यायलाही थांबला नाही.

नंतर तुम्ही आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलंत. मला त्या वेळी राग आला होता, सांगायला हरकत नाही. पण तोवर आम्ही दहा तोंडांनी बोलत होतो आणि जिच्या पोटात बाळ, तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही आधी तिचं वय विचारलंत. अठराच्या आत असती तर उपचार मिळालेच असते, पण पोलिसांना कळवणं तुम्हाला भाग पडलं असतं, हे नंतर समजलं. ती २१ पूर्ण. मग तिला काय हवंय ते विचारलंत.

बाळ सोडायचं तर सरळ वाट आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाल न्याय कायदा २०१५ सालचा, त्याचं कलम ३५. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर बाळाला घेऊन जायचं, कारण सांगायचं, समुपदेशन होतं, चौकशी होते आणि मग समर्पणपत्रावर सही. जोडपं असेल तर दोघांच्या सह्या लागतात, अविवाहित आईची एकटीची पुरते. पैसा एक लागत नाही. आमच्या आईनं मधेच विचारलं, शिशुगृहाबाहेर पाळणा असतो म्हणतात, रात्री त्यात ठेवून आलं तर? तुम्ही तिला झिडकारलं नाहीत. म्हणालात, उकिरड्यापेक्षा, नदीकाठापेक्षा पाळणा लाखपट बरा, बाळ जगतं. पण मग ते सापडलेलं मूल ठरतं. आईबापांचा शोध होतो, पेपरात फोटोसकट जाहिरात येते. समितीपुढे सही करून दिलेल्या बाळाची अशी जाहिरात लागत नाही. लपवायला जावं आणि फोटोच छापून यावा, असं झालं असतं आमचं.

समितीला आम्ही पोलीस ठाण्यासारखं भ्यालो होतो. तिथं पाच जणांनी टेबलापलीकडून एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? बाळ ठेवायचं असेल तर बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते, हेही सांगितलं. सही घेताना त्यांच्यातल्या बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. आमच्या आईला हा उशीर खपत नव्हता. मला मात्र वाटतं, एवढ्या मोठ्या सहीला एवढं विचारलंच पाहिजे.

आणि ते ६० दिवस. सही झाली तरी दोन महिने आईचं मन बदलू शकतं, ती बाळ परत मागू शकते, तोवर ते दत्तक देता येत नाही. हे तुम्ही तिला एकटीला गाठून सांगितलंत, आमच्यादेखत नाही, हे फार बरं केलंत. कारण दूध काही कागद बघून थांबत नाही. अंगात ताप, छाती दगडासारखी, आणि घरातल्यांना वाटतंय विषय मिटला. तेव्हा तुम्हीच डॉक्टरांकडून गोळी लिहून घेतलीत, तिला फोन करत राहिलात. त्या फोनवर "बाळ परत आण" म्हणाला नाहीत, "विसरून जा" असंही म्हणाला नाहीत. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. तिनं बाळ परत मागितलं नाही. तो निर्णय तिचा आहे आणि आता आमच्या घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, असं मी ठणकावून ठेवलंय.

बाळ कुठं गेलं ते आम्हाला कळणार नाही, आणि तेच बरोबर. दत्तक मागणारी माणसं वर्षानुवर्षं रांगेत थांबतात म्हणे, त्यांतलं कुणीतरी असेल. उद्या मोठं होऊन ते शोधायला निघालंच, तर तिनं नाव गुप्त ठेवायला सांगितलंय, त्यामुळे आधी तिची संमती विचारतील. हेही तुमच्याकडूनच कळलं.

आता एक मागणं. तुमच्या ओपीडीत, आणि गावातल्या दर सोनोग्राफी सेंटरात, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा फलक असतोच. त्याच्या शेजारी आणखी एक लावून घ्या. बाळ सांभाळता येत नसेल तर टाकू नका, कुणाला परस्पर देऊ नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा बाल कल्याण समितीकडे या, नाव गुप्त राहील. एवढा मजकूर पुरे. वरिष्ठांची परवानगी तेवढी तुम्ही काढा. पत्र्याचा आणि रंगाचा खर्च माझा, पेंटर आमच्या गल्लीतलाच आहे. कशासाठी म्हणून विचारणार नाही तो.

तुमची,
त्या पोरीची मावशी