वारीत मला सांभाळणाऱ्या आक्कांना

रामकृष्ण हरी, आक्का.

हे पत्र तुमचा नातू फोनवर वाचून दाखवणार आहे, तसं त्याने कबूल केलंय. तुमचे आभार चारचौघांसमोर मानावेत असं फार मनात होतं, म्हणून ते सगळ्यांसाठी उघडं ठेवते आहे. तुमचं नाव-गाव लिहीत नाही. दिंडीत लहानथोर सगळे तुम्हाला आक्काच म्हणतात, तेवढं पुरे.

यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी माउलींच्या सोहळ्यात आले. त्या दिवसांत मला झोप नव्हती. छातीत धडधडायचं, बँकेत काउंटरवर नोटा मोजता मोजता हात थांबायचा. डॉक्टरांचं औषध चालू होतं. धाकट्या जावेने परस्पर भिशी, म्हणजे दिंडीत जेवणाखाण्याचे भरायचे पैसे, भरून माझं नाव दिंडीत घातलं. आळंदी सोडल्यापासून दिवेघाटापर्यंत मी कुणाशी चार शब्दसुद्धा बोलले नव्हते. घाटाच्या चढावर तुम्ही डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने धरलंत, दुसऱ्या हाताने माझ्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतलीत आणि म्हणालात, "म्होरच्या बाईच्या टाचा बघ आन् टाळाबरूबर पाय टाक. नाव तोंडात आलं तर घे, न्हाई आलं तर ऱ्हाऊ दे."

मी तेवढंच केलं. पखवाजाचा ठेका, शेकडो टाळ, पुढच्या बाईच्या भेगाळलेल्या टाचा. सासवड येईपर्यंत माझा श्वास पावलांशी जुळला होता. यजमान नाहीत हे एका क्षणासाठीही विसरले नाही, पण ते दुःख सोबत घेऊन चालता येतं, एवढं मला कळलं. जेजुरीला रात्री राहुटीत पडल्या पडल्या डोळा लागला. वाल्ह्याला मी तुम्हाला म्हणाले, आता गोळ्या बंद करते. तेव्हा तुम्ही केवढ्या रागावलात! "डाक्टरला बुद्धी कुणी दिली मग? गुमान घे." त्यानंतर हरिपाठ झाला की रोज पाण्याचा तांब्या माझ्यासमोर यायचा आणि गोळी गिळेपर्यंत तुम्ही हलायचा नाहीत. नामाच्या जोरावर औषध सोडायला सांगणारे बुवा मी पाहिले आहेत. त्यांनी किती माणसांचं नुकसान केलं असेल, या विचाराने आजही संताप येतो. तुम्ही नाम आणि गोळी दोन्ही एकाच हाताने दिलंत, आक्का. त्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी जन्मभर तुमची ऋणी आहे.

पण लोणंदच्या मुक्कामाबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही. पंगत बसली होती. दिंडीत नव्याने आलेल्या एका बाईला शेजारणीने आडनाव विचारलं आणि उत्तर ऐकताच आपली पत्रावळ हळूच वीतभर पलीकडे सरकवली. ती बाई खाली मान घालून भात कालवत राहिली. मला दिसलं, आणखी चौघींना दिसलं. उठलात फक्त तुम्ही. आपलं ताट उचलून त्या दोघींच्या मधल्या जागेत जाऊन बसलात, तिच्या ताटातली मिरची मागून घेतलीत आणि जेवायला लागलात. जेवण झाल्यावर विणेकऱ्यांना बाजूला बोलावून सांगितलंत, "उद्या पंगतीत आडनाव कुणी इचारलं, तर समाज आरतीला आपले टाळ थांबायचे न्हाईत."

याचा अर्थ वारीला न गेलेल्यांना सांगते. मुक्कामावर संध्याकाळी समाज आरती होते. चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते, आणि चोपदार जाऊन तिचं म्हणणं ऐकून घेतात. एवढ्या अफाट गर्दीत गाऱ्हाणं मांडायची ही रीत मला फार मोठी वाटते. तुमच्यावर ती वापरायची वेळ आली नाही. विणेकऱ्यांनी त्याच रात्री सगळ्यांना बजावलं. दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, म्हणजे दोन्ही बाजूंना वारकरी उभे आणि मधून माउलींचा अश्व धावतो ते. तुमचं तुळशीवृंदावन त्या दिवशी त्या बाईच्या डोक्यावर होतं, आणि मी तिच्या शेजारी उभी होते.

पंढरीत पोचल्यावर तुम्ही मला आधी महाद्वारातल्या चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायला लावलंत. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, हे मी शाळेत वाचलं होतं. 'अवघा रंग एक झाला' तर मी कितीदा गायले आहे. ते गाताना, हे लिहिणाऱ्या सोयराबाईंना, चोखोबांच्या बायकोला, देवळाची पायरी चढू दिली नसती, हे तुमच्या शेजारी उभं राहून पहिल्यांदा आत कुठेतरी लागलं. तुमच्या सासऱ्यांनी सांगितलेलं तुम्ही मला तिथेच सांगितलंत. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं, प्राण पणाला लावले, तेव्हा कुठे हे दार दलितांसाठी उघडलं. सासरे ती हकिकत सांगताना रडायचे, म्हणालात. स्वातंत्र्याला तीन-साडेतीन महिने उरले होते आणि पांडुरंगाच्या दारात ही लढाई चालू होती. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने देवळातल्या पुजारी घराण्यांचे, बडवे-उत्पातांचे, वंशपरंपरागत हक्क संपले. सेवेचा हक्क जन्मावरून ठरू नये, हे तुम्हाला कुठल्या कोर्टाने सांगावं लागलं नव्हतं.

आणि झाडं! फलटणच्या पुढे रुंद झालेल्या रस्त्यावर ऊन चटके देत होतं आणि तुम्ही बोट दाखवत होतात: हितं वड व्हता, हितं लिंब व्हता, हितं आमची दिंडी इसाव्याला बसायची. विसाव्याच्या झाडांची तुम्ही नातेवाइकांसारखी आठवण काढत होतात. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' म्हणत चालणाऱ्या लाखो पायांसाठी म्हणून जो रस्ता झाला, त्यासाठी सावली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. रस्ता हवाच होता, पण जुनं झाड वाचवायला वळण घेता आलं असतं. तुम्ही दरवर्षी नवी रोपं लागली का, जगली का, हे बघत चालता. सुकलेल्या रोपाला आपल्या पिण्याच्या पाण्यातलं पाणी घालता.

चंद्रभागेवर लोक जुनी लुगडी, निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडत होते. तुम्ही काठाशी बसून तांब्याने अंगावर पाणी घेतलंत, साबण लावला नाही, लावू दिला नाही. माझ्या हातातला द्रोणातला दिवा काठावरच ठेवायला लावलात. "नदी आई म्हणायची आन् तिच्याच अंगावर घाण टाकायची व्हय?" आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा कारखान्यांचा आणि सांडपाण्याचा फेस बघताना मला तुमचं हेच वाक्य आठवतं.

आता इकडचं. मी बरी आहे. डॉक्टरांनीच औषध हळूहळू कमी केलं. आमच्या कॉलनीच्या भजनी मंडळाने सप्ताहासाठी स्टीलची ताटं घेतली. धुवायच्या पाळीत मीही असते. जिना झाडणाऱ्या मावशी यंदा मंडळात आल्या, त्यांचा आवाज तुमच्यासारखा खणखणीत आहे. एका बाईंना ते रुचलं नाही. त्यांच्याशी बोलले, अजून बोलते आहे.

यंदाची भिशी भरली आहे. गुडघ्याचं तेल सोबत आणते. दिवेघाटात तुमची पिशवी मी घेणार, आधीच सांगून ठेवते. नातवाला आशीर्वाद.

तुमची,
दिंडीतली बँकवाली