ससा मारून नेम शिकणाऱ्या पोरांसाठी : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या एका गावात शिक्षक आहे. शाळा सुटली की पोरांना तणशीच्या गठ्ठ्यावर नेम धरून तिरकमठा शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा ससा घेऊन माझ्या अंगणात आला. शाबासकी मिळेल या आशेने आला होता. तीर मागच्या मांडीत रुतलेला, ससा जिवंत, पातळ कानांतल्या शिरा थडथड उडत होत्या. मी रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तणशीचा गठ्ठा रोज तिथंच रायते. ससा कुठंबी दिसते. मंग नेम बसते."

ससा रात्रीच मेला. पोराचं बोलणं अजून डोक्यातून जात नाही.

कारण ते अर्धं खरं आहे. जंगलात अंतर डोळ्यांनीच जोखावं लागतं, श्वास धरून थांबावं लागतं. राजस्थानचे तिरंदाज लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पाखरं टिपत. 1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या चाचणीत त्यांची निवड झाली आणि पुढे ते ऑलिम्पिक खेळले. आमच्या पोरांना ही गोष्ट पाठ आहे. पण निवडीनंतर त्यांना प्रशिक्षक मिळाला, मैदान मिळालं, हे पोरांना कोण सांगणार? शिकारीत पंधरा पावलांवरून एक तीर सुटतो आणि काम संपतं. ऑलिम्पिकमध्ये चालणाऱ्या रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या पात्रता फेरीत 70 मीटरवर 72 तीर मारायचे असतात, दहा गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं. बहात्तरावा तीर पहिल्यासारखाच सोडायचा, हे ससा कसं शिकवणार?

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा किंवा तितर मारणं गुन्हा आहे. उद्या असल्या एखाद्या पोरावर केस झाली तर त्याची शाळा सुटेल, धनुष्य तर सुटेलच.

साहेब, थ्रीडी तिरंदाजी नावाचा प्रकार आहे. झाडीत, चढ-उतारावर फोमचे प्राणी उभे करतात, अंतर खेळाडूने स्वतः जोखायचं. त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात. त्या पोराला जे हवं होतं ते नेमकं हेच, आणि त्यात कुणाचा जीव जात नाही. नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड (चाकांच्या) धनुष्याच्या तिरंदाजीत जगज्जेता झाला, पण सरावासाठी त्याला साताऱ्याला जावं लागलं. आमच्या पोरांच्या आईबापांना एसटीचं तिकीटही जड जातं. लाखाच्या घरातलं धनुष्य तर लांबच राहिलं.

तालुक्याला एक प्रशिक्षक द्या. शिकाऊंसाठी दहा रिकर्व्ह धनुष्यं आणि फोमचे काही प्राणी द्या. जागा आम्ही देतो, गावाबाहेरची पडीक जमीन आहे, झाडीला लागूनच. पावसाळ्याआधी आपला कुणी अधिकारी ती पाहायला आला, तर त्या मुलालाच वाट दाखवायला पाठवीन.

आपला,
एक शिक्षक, गडचिरोली जिल्हा