पाणी ठेवशील, पण जागा बघून ठेव

सातारा,
24 मार्च

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, पाखरांसाठी मातीची परळ आणली आहेस आणि अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी, छान सावलीत ठेवणार आहेस. तेवढ्यात वहिनींनी हाक मारली, तू फोन ठेवलास आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. म्हणून हे पत्र. परळ जास्वंदीखाली ठेवू नकोस. का, ते सांगायचं तर गेल्या वर्षीचा एप्रिल सांगावा लागेल.

आमच्या मागच्या दारी कुंतीचं झुडूप आहे, तुला आठवत असेल. त्यात कमरेइतक्या उंचीवर बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं होतं. चहाच्या वाटीएवढं, काड्या आणि कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं. आत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबूस शिंतोडे. मला इतका आनंद झाला की मी दिवसातून चार वेळा जाऊन बघत होतो. मोबाइलवर फोटो नीट येईना, म्हणून समोरच्या दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या, एक कापलीच. आणि पाण्याची परळ ठेवली होती त्याच कुंतीच्या बुडाशी, कारण माझ्या खुर्चीतून ती तिथे दिसायची.

बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर आली आणि पुढे साधारण तितक्याच दिवसांत घरटं सोडून फांदीवर बसायला लागली. हे दिवस सगळ्यात नाजूक असतात. पिल्लाला पिसं आलेली असतात, पण शेपूट आखूड, पंखात जोर नाही. फडफडत जमिनीवर येतं आणि आई-बाप तिथेच येऊन त्याला भरवतात. अशाच एका सकाळी सहाच्या सुमाराला बाहेर एकच कालवा झाला. बुलबुल ओरडतोय, शिंपी पक्षी ओरडतोय, खार शेपटी झटकत चिक्‌चिक्‌ करतेय. मी अनवाणीच धावलो. परळीभोवती पिसं विखुरली होती. एक पीस पाण्यावर तरंगत होतं, बुडखा लालभडक, शेपटीखालचं. पाणी प्यायला उतरलेल्या मोठ्या बुलबुलाला कुंतीत दबा धरून बसलेल्या मांजरीने एका झेपेत धरलं होतं. झुडूप तिला लपायला, पाणी पाखराला खाली आणायला, आणि दोन्ही शेजारी-शेजारी आणून ठेवणारा मी.

एक पिल्लू स्कूटरखाली सापडलं. अंगावर टोचल्यासारखं एवढंसं छिद्र होतं, रक्तही फारसं नव्हतं. मला वाटलं वाचलं. खोक्यात फडकं घालून ठेवलं, दुपारी डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, मांजराच्या तोंडातले जंतू पाखराला फार लवकर भिनतात. जखम दिसो न दिसो, लगेच औषध सुरू व्हायला हवं. संध्याकाळी ते गेलं. हातात होतं तेव्हाच मान टाकली. उरलेल्या एका पिल्लाला मात्र जोडीतला मागे राहिलेला बुलबुल कडीपत्त्यात भरवत राहिला. एकट्याने, दिवसभर, थांबायचं नाव नाही. ते उडालं.

मांजर शेजारच्या काकूंची, मनी. मी काठी घेऊन गेलो तेव्हा ती कुंपणाच्या भिंतीवर बसून पंजाने तोंड पुसत होती. काकू एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलेली, आणि मनी रात्री त्यांच्या पायाशी निजते. मी काठी मागे लपवली. काकू म्हणाल्या, "अरे, मांजराचा धर्मच तो. निसर्गाचा नियम आहे."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. भारद्वाजही बुलबुलाची पिल्लं पळवतो, कावळा पळवतो, शिक्रा येतो. त्यांना मी कधी हाकललं नाही, हाकलणारही नाही. पण शिक्र्याला भक्ष्य मिळेनासं झालं की शिक्रेही कमी होतात. मनीचं तसं नाही. बागेतलं शेवटचं पाखरू संपलं तरी तिची दूध-पोळीची बशी भरलेलीच. पोट भरलेलं असूनही ती शिकार करते, आणि हा हिशेब निसर्गाचा नव्हे, आपला. न्यूझीलंडमधल्या स्टीफन्स नावाच्या बेटावर 1894 मध्ये दीपगृह सुरू झालं, माणसांबरोबर मांजर गेलं, आणि तिथला एक चिमुकला, उडता न येणारा पक्षी थोड्याच वर्षांत जगातून नाहीसा झाला. लोक एकाच मांजरीची गोष्ट सांगतात. एक असो की दहा, ती माणसानेच नेली होती. सातारा काही बेट नाही, बुलबुल संपणार नाहीत, हे मला कळतं. पण माझ्या अंगणापुरतं पाखरांना बोलावणारा मी आहे. पाणी मी ठेवलं, दाणे मी टाकले. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताटाखाली विंचू आहे का ते बघायचं नाही, हे माझ्याने आता होणार नाही.

मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा प्रश्न आला, आणि तो खरोखरच घंटेचा होता. मी घुंगरू आणून दिलं, काकूंनी बांधलं. पंधरा दिवसांनी मनीने दयाळ पक्षी धरून आणला, घुंगरासकट. नंतर माझ्या वाचनात आलं की इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठाने 355 मांजरांवर याचा अभ्यास केला होता, 2021 साली तो छापून आला. त्यात घंटेचा काही उपयोग दिसला नाही. उलट भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी कमी झाली, रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी, आणि गळ्यात भडक रंगांची कापडी झालर घातल्यावर पक्ष्यांची शिकार 42 टक्क्यांनी. पाखरांची रंगाची नजर तीक्ष्ण, मांजर सरपटत आलं तरी झालर लांबून दिसते.

हे काकूंना वाचून दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी मनी भिंतीवर आली ती गळ्यात लाल-पिवळ्या चिंध्यांची झालर घालून! गोधडीला ठेवलेले तुकडे काकूंनी जोडले होते. फांदीत अडकली तर फास बसू नये म्हणून पाठीमागचे दोन टाके मुद्दाम कच्चे ठेवले होते. हे मला सुचलं नसतं. आता मनीला रोज दूध-पोळी नाही, उकडलेली मासळी मिळते. संध्याकाळी मी जाऊन दोरीला बांधलेलं कोंबडीचं पीस तिच्यापुढे नाचवतो. पिल्लांच्या दिवसांत काकू तिला दिवेलागणीपासून सकाळी ऊन चढेपर्यंत घरातच ठेवतात, कारण पाखरं सर्वात जास्त जमिनीवर असतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला.

बिनमालकीचे बोके हा वेगळा विषय. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजात मांजरं वर्षाला 130 ते 400 कोटी पक्षी मारतात असं म्हटलंय, आणि त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा. आमच्या गल्लीतल्या दोन भाट्या आणि एका बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन आम्ही चार घरांनी वर्गणी काढून करून घेतलं. दगड, विष, भिंतीवर काचा, असलं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. प्राण्यांशी क्रूरता 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तू ते केलं नसतंस.

आता तुझ्या अंगणाचं. परळ उघड्यावर ठेव, कुठल्याही झुडपापासून निदान सहा-सात फूट लांब, आणि कमरेएवढ्या गुळगुळीत लोखंडी स्टँडवर. सावली हवी तर वर उंच फांदी असू दे, बाजूला झुडूप नको. पाणी दोन बोटं, रोज बदलायचं. दाणे जमिनीवर फेकू नकोस, टांगून ठेव, खाली पडलेले झाडून घे. जास्वंद आणि मोगऱ्याच्या बुडाशी बोगनवेलीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या पसर. मांजराला तिथे बसवत नाही आणि शिंपी, दयाळ मजेत आत-बाहेर करतात. पेरूच्या झाडावर घरटं झालं तर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून खोडाभोवती छातीच्या उंचीवर गुंडाळ, नख्या रुतत नाहीत. फक्त कुंपणाची भिंत झाडाला लागून नाही ना ते बघ, नाहीतर पत्रा फुकट. आणि घरटं दिसलं तर लांबूनच बघ. फांदी बाजूला करू नकोस, एकही. जमिनीवर पिल्लू दिसलं आणि जखम नसेल तर उचलून घरात नेऊ नकोस; जवळच्या झुडपात उंच ठेव आणि बाजूला हो, आई-बाप येतात.

आणि तुमच्या शेजारी मांजर असेल, तर पाखरू मरायच्या आधी तिच्या माणसाशी ओळख कर. मी उशीर केला.

इथे परवा शिंप्याने कागदी लिंबाची दोन पानं शिवायला घेतली आहेत. चहूबाजूंनी काटे, जागा चांगली निवडली आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो, तिथून फक्त पान हललेलं दिसतं. कुंतीच्या बांधलेल्या फांद्या सोडल्या होत्या, त्या आता पुन्हा दाट झाल्या आहेत. पिल्लं झाली की फोन करीन.

स्टँड मिळाला की परळीचा फोटो पाठव, आजूबाजूचं सगळं दिसेल असा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा जुना सोबती