रहस्यकथा बायकाही वाचतात

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्त्रियांनी वाचावीत अशी पुस्तके’ ही यादी वाचली. कौटुंबिक कादंबऱ्या, आत्मचरित्रे, आरोग्य, बालसंगोपन सगळे आहे. रहस्यकथा एकही नाही. फार वाईट वाटले, म्हणून लिहिते आहे.

माझी आई बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार, काळा पहाड या नायकांच्या रहस्यकथा वाचनालयातून आणून वाचायची. दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून मागच्या पानावर ती संशयितांची नावे लिही आणि शेवटचे प्रकरण उघडण्याआधी एका नावाखाली रेघ ओढी. ओळखलेला बरोबर निघाला की पुढे फुली. २०१९च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले, त्यात ती वही भिजली. दुधाचा हिशेब शाईचा, तो धुऊन गेला. संशयित पेन्सिलीने लिहिलेले, ते अजून वाचता येतात.

अशा वाचणाऱ्या असताना आपल्या रहस्यकथांतले गुप्तहेर मात्र बहुतेक पुरुषच. अमेरिकेत अ‍ॅना कॅथरिन ग्रीन यांची पहिली रहस्यकादंबरी १८७८ची. १८९७ साली त्यांनी अमेलिया बटरवर्थ ही चौकस, अविवाहित प्रौढा तपासाला उभी केली. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल, खेड्यात राहून गुन्हे उलगडणारी वयस्क बाई, कादंबरीत आली १९३० साली. ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, विषांची जाण तिथली. आणि मिस मार्पल गुन्हेगार ओळखते, तो गावातल्याच कुणाच्या तरी स्वभावाशी ताडून! हे आपल्या वाड्यांतल्या बायकांना नवे नाही. शेजारच्या दोरीवर दोन दिवस कपडे दिसले नाहीत, की आई चौकशीला जायची.

रजनी पंडित यांनी तर १९९१ साली मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढली. एका खुनाच्या तपासासाठी त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण होऊन राहिल्या. मराठी बाईने खरोखर केलेले हे काम मराठी कादंबरीत इतके कमी का दिसावे?

पुढच्या यादीत रहस्यकथा जरूर घ्या. दिवाळी अंकवाल्यांनाही विनंती, लेखिकांकडे कथा मागताना एकदा रहस्यकथा मागून बघा. तपास करणारी आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेठेतली असू दे. मूठभर हळकुंडे हातात घेतली, एक मोडून पाहिले, की माल कसा आहे हे तिथल्या बायका सांगतात.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली