हयातीच्या दाखल्यावरून

स्टुटगार्ट

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याकरिता यंत्रावर तुमचे ठसे उमटेनात आणि बँकेत तीन खेपा घालाव्या लागल्या, असे आईने फोनवर सांगितले. तीस वर्षे लेथवर घासलेल्या बोटांवर रेषा उरणार तरी कशा?

त्या रात्री मी माझी पगाराची पावती पुन्हा वाचली. येथे जर्मनीत निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या 18.6 टक्के रक्कम जाते, निम्मी माझी आणि निम्मी कंपनीची. ती माझ्या नावावर साठत नाही, तर आजच्या वृद्धांना वाटली जाते. 1957 पासूनची ही पद्धत आहे आणि पगार वाढले की दर जुलैत निवृत्तिवेतनही वाढते. म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींच्या घरखर्चात माझा वाटा आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमची कर्मचारी पेन्शन योजना नोव्हेंबर 1995 मधली, बाजार खुला झाल्यावर चारच वर्षांनी आलेली. तिच्यात मालकाच्या वाट्यातून जातात पगाराचे 8.33 टक्के, तेही ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच, आणि महागाईशी तिची सांगड घातलेलीच नाही. राज्यसभेच्या कोश्यारी समितीने 2013 मध्ये महिन्याला किमान तीन हजारांच्या पेन्शनची शिफारस केली. 2014 मध्ये मिळाले एक हजार. सातपूरच्या कारखान्याने परदेशी मालाच्या स्पर्धेचे कारण देऊन तुमच्याकडून ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेतली आणि अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होण्याआधीच पेन्शन सुरू करावी लागल्याने ती आणखी घटली.

खुल्या बाजारामुळेच मी येथे आहे, हे मी विसरलेले नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू असल्यामुळे मी नाशिकला परतले, तरी येथले निवृत्तिवेतन मला तेथे मिळू शकेल. नोकरीसाठी देश बदलणाऱ्यांची सोय दोन्ही सरकारांनी विचारपूर्वक केली. मागे राहिलेल्या आईवडिलांची जबाबदारी मात्र मुलांच्या पाठवण्यावर सोडली. तुमच्याबरोबर बाहेर पडलेल्या ज्या कामगारांची मुले परदेशी नाहीत, त्यांनी काय करावे?

आई, मी पाठवते ते पैसे तू माझ्याच नावाने मुदत ठेवीत टाकतेस, हे मला कळले आहे. कृपा करून ते मोड आणि बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीआधी उरकून घे. चेहऱ्यावरून हयातीचा दाखला देण्याची सोय आता मोबाइलवर आहे. डिसेंबरात आले की बाबांच्या फोनवर ते अॅप बसवून देईन.

तुमची,
धाकटी